ॲप पुण्यात बनते, चिखल मात्र आपल्या बांधावर!

मका गुडघाभर झाला, कपाशीला पात्या लागू लागल्या की सिल्लोड तालुक्यात दरसाल एक नवे काम निघते. मोबाईल घेऊन बांधावर जायचे, पिकाचा फोटो काढायचा आणि सातबाऱ्यावर पीक लावायचे. ई-पीक पाहणी! १५ ऑगस्ट २०२१ पासून हे ॲप राज्यभर सुरू झाले. टाटा ट्रस्टच्या मदतीने ते उभे राहिले. तोवर गाव नमुना बाराची नोंद तलाठी भाऊसाहेब करीत. आता ती बरीचशी आपल्या बोटावर आली आहे.

नोंद राहिली तर काय होते, ते २०२४ साली आपण पाहिले. २०२३ च्या खरिपातील कापूस-सोयाबीनसाठी हेक्टरी ५ हजार रुपये, दोन हेक्टरपर्यंत, अशी मदत जाहीर झाली, आणि आधी अट काय? ई-पीक पाहणीची नोंद. शेतात कापूस होता, ॲपमध्ये नव्हता, म्हणून माणूस यादीबाहेर! ओरड झाली तेव्हा ती अट काढून सातबाऱ्यावरची नोंद धरण्यात आली.

मग ही ॲप बनवणारी मंडळी एकमेकांशी बोलतात कुठे? त्यांच्याही परिषदा भरतात. पायथॉन नावाच्या संगणकभाषेची 'पायकॉन इंडिया' २०११ साली पुण्यात भरली होती. अँड्रॉइड मोबाईलवाल्यांची 'ड्रॉइडकॉन' बंगळुरूला भरते. रीत साधी असते. ज्याला बोलायचे त्याने आधी विषय लिहून पाठवायचा, निवड झाली की अर्धा-पाऊण तास बोलायचे, मग समोरचे प्रश्न विचारतात. 'माझे ॲप अमुक ठिकाणी बंद पडले, ते मी असे सावरले', अशी भाषणे तिथे आवडीने ऐकली जातात. रेंज नसताना माहिती मोबाईलमध्येच साठवावी आणि रेंज आली की पाठवावी, हा तर त्यांचा नेहमीचा विषय. अजिंठ्याच्या डोंगरकडेला ज्याचे शेत आहे, त्याला यातले मर्म कुणी समजावून सांगायला नको.

पण त्या सभागृहात आपला माणूस कुठे आहे? आपल्याच तालुक्यातली पोरं शिकून पुण्याला, हिंजवडीला कंपन्यांत लागली आहेत. दिवाळीला घरी आली की त्यांना एकदा वावरात न्या. भर दुपारच्या उन्हात मोबाईलचा पडदा दिसतो का, मिरचीत मका लावला तर तो ॲपमध्ये कसा दाखवायचा, हे त्यांनी स्वतः करून पाहावे. अशा माणसाने परिषदेत उभे राहून सांगितले तर ऐकतील. आपण चहाच्या टपरीवर कितीही बोललो तरी ते पुण्यापर्यंत जात नाही, भाऊ!

तक्रारीने ॲप सुधारत नाही असेही नाही. पहिल्या वर्षी बरेच फोटो शेत सोडून भलतीकडे निघाले. २०२२ च्या ॲपमध्ये मग गटाच्या मध्यापासून आपण किती लांब आहोत ते दिसू लागले. चुकलेली नोंद ४८ तासांच्या आत एकदा दुरुस्त करण्याची सोयही तेव्हाच आली, आणि किमान १० टक्के नोंदी तलाठ्याने तपासाव्यात असे ठरले. पुढे केंद्राच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाचे ॲप आले. त्यात प्रत्यक्ष गटात उभे राहूनच फोटो घ्यावा लागतो, आणि राहिलेल्या नोंदींसाठी गावात सहाय्यक नेमले गेले.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. जागा सांगणारी खूण मोबाईलला उपग्रहाकडून मिळते, तिला टॉवरची रेंज लागत नाही. पण मोकळ्या आभाळाखालीसुद्धा ती चार-पाच मीटर इकडेतिकडे होते आणि झाडाखाली जास्तच. वाटण्या होऊन पट्टी अरुंद झालेली असेल तर बांधावर उभे राहून तुम्ही शेजाऱ्याच्या गटात दिसाल! म्हणून आत शिरा, मध्यावर उभे राहा, मिनिटभर थांबा, मगच फोटो घ्या. नोंद साठवली म्हणजे गेली असे समजू नका. रेंजमध्ये आल्यावर अपलोड झाली का ते बघा.

ग्राम महसूल अधिकारी, सरपंच आणि ग्रामसेवकांनाही एक विनंती. 'ॲप चालत नाही' एवढेच लिहिलेला अर्ज वरच्या कार्यालयात फिरत राहतो. बनवणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. गट नंबर, तारीख, वेळ, मोबाईल कोणता, ॲपची आवृत्ती कोणती आणि पडद्यावर नेमकी कोणती अक्षरे आली, हे लिहा. पडद्याचा फोटो जोडा. असे वीस अर्ज एका गावातून गेले की दोष कुठे आहे ते सापडते. खरिपाची नोंदणी साधारण ऑगस्टच्या सुरुवातीला सुरू होते आणि १५ ऑगस्टला ग्रामसभा असतेच. त्या दिवशी हा विषय घ्या, अडलेल्या खातेदारांची यादी तिथेच करा आणि ठरावासोबत तहसीलला पाठवा. मुदत संपायला तेव्हा काही दिवस हातात असतात.