प्लॅस्टिकच्या होडीचा तळ का दबतो?

शिवणयंत्रास तेल घालण्याची पत्र्याची कुपी बहुतेकांच्या परिचयाची आहे. तिचा तळ अंगठ्याने दाबला की तो 'टक्' असा आवाज करून आत जातो आणि अंगठा काढताच पूर्ववत होतो. प्लॅस्टिकच्या लांबट, दोन्ही टोकांस निमुळत्या होडीचा, म्हणजे जिला कॅनू म्हणतात तिचा, तळही पाण्यावर असाच वागताना पुष्कळदा आढळतो. वल्हे जोराने मारले अथवा लाट आली की तो पायाखाली वर उचलला जातो व पुन्हा खाली बसतो. अमेरिकेतील नावाड्यांनी या दोषास नावही तेलाच्या कुपीवरूनच दिले आहे. अशा होडीत प्रथमच बसणाऱ्या मनुष्यास धडकी भरते व ते स्वाभाविक आहे. खाली पुरुषभर पाणी आणि मध्ये हालणारा तळ! तथापि तळाचे प्रत्येक हालणे धोक्याचे नसते. धोक्याचे कोणते व निरुपद्रवी कोणते, हे ओळखता आले पाहिजे.

भंडारा-गोंदियाकडील मालगुजारी तलावांवर वापरात असलेला डोंगा अखंड खोडातून कोरलेला असल्याने त्याचा तळ लवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. कॅनू ही मूळची उत्तर अमेरिकेतील आदिवासींची होडी. लाकडी फासळ्यांवर भूर्जाची साल ताणून ती बनवीत. पुढे सालीऐवजी रंगविलेले कॅनव्हास आले, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ साली, ग्रमन या विमाने बनविणाऱ्या कारखान्याने ॲल्युमिनिअमच्या पत्र्याची होडी बाजारात आणली. प्लॅस्टिकचा प्रसार १९७० नंतर झाला. प्लॅस्टिकची होडी कुजत नाही, गंजत नाही, खडकावर आपटली तरी सहसा फुटत नाही व तिची किंमतही बेताची असते. फासळ्या मात्र या स्थित्यंतरात नाहीशा झाल्या, आणि दुखण्याचे मूळ तेथेच आहे.

पॉलिथिलीनची होडी व घरावरील पाण्याची काळी टाकी या एकाच रीतीने तयार होतात. साच्यात प्लॅस्टिकची भुकटी घालून साचा तापवितात व दोन दिशांनी फिरवीत ठेवतात. भुकटी वितळून साच्याच्या आतील बाजूस सर्वत्र लेप बसतो. टाकीच्या अंगावर जी गोल वळी दिसतात ती शोभेसाठी नव्हेत. ती नसती तर भरलेल्या टाकीचे पोट फुगले असते. सपाट पत्रा दोन वाशांवर टाकला तर माणसाच्या भाराने वाकतो आणि तोच पन्हळी असला तर भार सोसतो, हेही शेतकरी रोज पाहतो. होडीच्या तळास टाकीसारखी आडवी वळी देता येत नाहीत, कारण ती पाण्यास अडवितात व होडी जड चालते. यास्तव तळ गुळगुळीत ठेवावा लागतो. आणि होडी डगमगू नये म्हणून तो रुंद व सपाट केला की तो दबू लागतो.

पॉलिथिलीन हे मुळात लवचीक द्रव्य आहे. सागाचे लाकूड तंतूंच्या दिशेने जितका ताठपणा दाखविते, त्याच्या सुमारे एकदशांश ताठपणा पॉलिथिलीनमध्ये असतो. जाडी वाढवावी तर वजन वाढते. सपाट फळीची जाडी दुप्पट केली असता तिचा ताठपणा आठपट होतो हे खरे, पण वजनही दुप्पट होते. सोळा फुटी पॉलिथिलीनची होडी आधीच ३५ ते ४० किलो भरते. ती काठापर्यंत वाहून न्यावयाची असते, हे विसरून चालत नाही.

यावर कारखानदारांनी निरनिराळे मार्ग काढले. कोलमन या अमेरिकन कंपनीने एकेरी पातळ तळास आतून ॲल्युमिनिअमच्या नळ्यांचा कणा जोडला. होडी स्वस्त झाली, परंतु नळ्यांच्या मधला तळ दबतच राहिला. दुसरा मार्ग अधिक शास्त्रीय होता. आत-बाहेर दोन घट्ट पापुद्रे व मधे फेसाळ प्लॅस्टिकचा हलका थर, अशी तिपदरी घडण. लोखंडी तुळईचे वरचे व खालचे पट्टे एकमेकांपासून दूर असल्यानेच तुळई ताठ राहते. तेच तत्त्व येथे लागू पडते. ओल्ड टाउन या कंपनीच्या तिपदरी पॉलिथिलीनच्या होड्या याच जातीच्या. रॉयलेक्स नावाचे दुसरे तिपदरी द्रव्य नावाड्यांना फार प्रिय होते. त्याचे उत्पादन २०१४ मध्ये बंद झाले.

तळ दबविणारी शक्ती कोठून येते, हे पाहणे उद्बोधक आहे. होडी १० सेंटिमीटर बुडाली असता पाणी तिच्या तळाच्या प्रत्येक चौरस मीटरास सुमारे १०० किलो भाराइतक्या जोराने वर रेटते. दोघे वल्हेकरी दोन टोकांना बसतात, मधला भाग रिकामा असतो. तेथे वरून दाबणारे काहीच नसल्याने तळ आत उचलला जातो. म्हणून जाळे, मासळीची टोपली इत्यादी ओझे एका टोकास न रचता मध्यभागी, तळाशी व पसरून ठेवावे. खाली पातळ फळ्यांचा अथवा बांबूच्या कामट्यांचा सुटा तराफा अंथरला तर भार वाटला जातो आणि पायाखालची हालचालही कमी भासते. मधल्या आडव्या दांडीपासून तळापर्यंत ताठ फोमचा ठोकळा घट्ट बसविणे हा याहून चांगला उपाय. खाली रुंद पाया ठेवावा. टोकदार टेकू दिल्यास तेथेच तळास भोक पडेल.

उष्णतेचा परिणाम मात्र बहुतेक लोक लक्षात घेत नाहीत. पॉलिथिलीन तापले की मऊ होते, आणि गडद रंगाची होडी वैशाखातल्या उन्हात हात लावू देत नाही इतकी तापते. अशा वेळी ती दगडावर टेकलेली असेल किंवा दोरखंडाने करकचून बांधलेली असेल, तर पडलेला खळगा थंड झाल्यावर तसाच राहतो. पावसात उताणी ठेवली तर पाणी साचून त्याच्या वजनाने अंग बेढब होते. होडी नेहमी पालथी, सावलीत, काठांवर टेकेल अशी दोन आडव्या लाकडांवर ठेवावी. लाकडे प्रत्येक टोकापासून लांबीच्या साधारण चौथ्या हिश्श्यावर असावीत. खळगा पडलाच असेल तर ज्या उन्हाने तो पाडला त्याच उन्हाचा उपयोग करावा. होडी मऊ वाळूवर उताणी ठेवून चांगली तापू द्यावी, खळग्यावर आतून वाळूचे पोते ठेवावे व संध्याकाळी होडी थंड झाल्यावरच ते उचलावे. बहुतेक खळगे एकदोन दिवसांत उठून येतात.

तळ दबतो व सुटतो, पण त्यावर कायमची खूण उरत नाही, तोवर चिंतेचे कारण नाही. खडकावरून घसरताना हीच लवचीकता होडीस वाचविते. परंतु एकाच रेषेवर पुन:पुन्हा घडी पडून तेथे पांढरी रेघ दिसू लागली, स्क्रूच्या भोकांपासून बारीक तडे निघू लागले किंवा तिपदरी होडी अकारण जड भासू लागली, म्हणजे मधल्या थरात पाणी शिरल्याचा संशय आला, तर ती खोल पाण्यात नेऊ नये. काठाची पट्टी अथवा मधली आडवी दांडी मोडलेली असेल तर नेऊच नये. होडीचा आकार मुख्यत: याच दोहोंनी धरून ठेवलेला असतो, त्यांच्यावाचून ती पाण्याच्या दाबाने मिटू अथवा पसरू पाहते. होडी सुस्थितीत असली तरी प्रत्येकाच्या अंगावर तरंगते जाकीट असावे व दोन्ही टोकांत तरंगणारे ठोकळे पक्के बसविलेले असावेत.

दुरुस्तीविषयी एक गैरसमज सर्वत्र दिसतो. पाइपाच्या जोडास लावतात तो लांबीसारखा मसाला तड्यावर थापला की काम झाले, असे मानले जाते. पॉलिथिलीनवर हा मसाला अथवा साधा डिंक टिकाव धरीत नाही. चार दिवसांत तो खपलीसारखा निघून येतो. तड्याच्या दोन्ही टोकांस बारीक भोक पाडावे, म्हणजे तडा पुढे धावत नाही. नंतर त्याच जातीच्या प्लॅस्टिकची कांडी गरम हवेच्या यंत्राने वितळवून तडा सांधावा. पाण्याच्या टाक्या दुरुस्त करणाऱ्या कारागिराजवळ हे यंत्र बहुधा असते. सांधा थंड झाल्यावर होडीत पाणी भरून रात्रभर ठेवावे आणि सकाळी खालून बोट फिरवून ओल पाहावी.