वेदीपाशी नसलेली अट शाळेच्या दाराशी का?

ठाण्यात, कल्याणात वा डोंबिवलीत ख्रिस्ती संस्थेच्या शाळेत मुलाला प्रवेश मिळाला, की मध्यमवर्गीय घर निश्चिंत होते. शिस्त, इंग्रजी आणि दहावीचा निकाल या तिन्हींची तेथे हमी असते, असा सार्वत्रिक समज आहे. परंतु त्याच शाळेच्या एखाद्या बाकावर असाही मुलगा बसलेला असतो, की ज्याला ऐकलेला धडा पुरता समजतो, तोंडी उत्तरही अचूक देता येते. पण तेच उत्तर वहीत उतरत नाही. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची गल्लत होते. जोडाक्षर आले की वाचन अडते. आळशी, हट्टी, मंद अशी विशेषणे त्याला मिळतात, आणि आईबाप आपलेच काही चुकले काय, या विचाराने खंतावतात.

या दोषाची ओळख नवी नव्हे. इंग्लंडमधील डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ साली चौदा वर्षांच्या अशाच एका मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. सारे शिक्षण तोंडी असते, तर हा मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत होते. भारतात १९९५ च्या अपंगविषयक कायद्याने मात्र अध्ययन अक्षमतेची दखल घेतली नाही. ती घेतली २०१६ च्या कायद्याने. महाराष्ट्रात जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष अशा सवलती त्यापूर्वीच सुरू झाल्या होत्या. तथापि सवलत हे शिक्षण नव्हे. दोष लवकर ओळखून अध्यापनाची रीत बदलावी, हे नव्या कायद्याचे खरे सांगणे आहे. प्रत्यक्षात पुष्कळदा दहावी जवळ आली, की धावाधाव सुरू होते. निकालाची टक्केवारी घसरू नये म्हणून दाखला काढून नेण्याचा सल्ला मिळाल्याची तक्रारही पालकांकडून ऐकू येते.

ख्रिस्ती संस्थांकडून याहून अधिक अपेक्षा बाळगण्यास इतिहासाचा आधार आहे. गोमंतकात फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ छापले, ते ओवीबद्ध. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांच्यापर्यंत ती कथा कानांवाटे पोहोचली. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई यांनी अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवली. तेथे अक्षर बोटांच्या वाटेने गेले. स्वतः रमाबाई संस्कृतच्या पंडिता. पण बायबलचे भाषांतर त्यांनी सामान्य स्त्रियांना कळेल अशा सोप्या मराठीत केले. एक वाट बंद असेल तर दुसरी शोधावी, हाच या साऱ्या उद्योगाचा अर्थ होता.

धर्मग्रंथाची शिकवणही याहून निराळी नाही. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी विचारले, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? ख्रिस्ताने दोघांचेही नाही असे उत्तर दिले. आपल्या जिभेला जडत्व आहे, अशी सबब मोशेने सांगितली, तेव्हा त्याला कामावरून काढले गेले नाही. बोलण्यासाठी अहरोन सोबत देण्यात आला. परीक्षेतील लेखनिकाकडे नाक मुरडणाऱ्यांनी हा प्रसंग आठवावा. पोप दहावे पायस यांच्या काळात, १९१० साली, रोमन चर्चने लहान मुलांच्या प्रथम कम्युनियनविषयी नियम स्पष्ट केले, तेव्हाही अपेक्षा एवढीच ठेवली, की मुलाने आपल्या समजुतीप्रमाणे श्रद्धेची मूलतत्त्वे जाणावीत आणि ती भाकर नेहमीच्या भाकरीहून वेगळी आहे हे ओळखावे. वाचता आलेच पाहिजे, अशी अट तेथे नाही.

मग वेदीपाशी जी अट नाही, ती शाळेच्या दाराशी कशासाठी? पन्नास-साठ मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षकाने काय काय करावे, हा प्रश्न रास्त आहे. त्यासाठी विशेष शिक्षक हवा, आणि त्याला वेतन लागते. परंतु पहिली-दुसरीतच तपासणी करणे, धडा मोठ्याने वाचून दाखवणे, तोंडी उत्तराला गुण देणे, चारचौघांत वाचनाची सक्ती न करणे, यांना फार मोठा खर्च येत नाही. ठाण्याच्या मासुंदा तलावाजवळ पोर्तुगीज काळापासूनचे चर्च आजही उभे आहे. एवढी जुनी परंपरा ज्यांच्या पाठीशी आहे, त्यांनी शाळेचे यश निकालाच्या फलकावर मोजू नये. दाखला हाती घेऊन परत जावे लागलेल्या मुलांच्या संख्येवरही ते मोजून पाहावे.