रस्त्याचं पोट – लेखांक 7 : काट्यावरचे मार्क

सिमेंटच्या रस्त्याचं कबूल केलं होतं, ते आज नाही. रोहिणखेडहून (ता. मोताळा) एका वाचकाचं पत्र आलंय आणि ते काही डोक्यातून जाईना. ते विचारतात, ‘जिथं गुडघाभर खड्डे तिथं नुसता मुरूम टाकून जातात, अन् जो रस्ता बरा होता त्याच्यावरच पुन्हा डांबर. हा कुठला न्याय?’

रोहिणखेडकरानं हे विचारावं, यात गंमत आहे. घाटाच्या पायथ्याचं गाव. 1437 आणि 1590 मध्ये इथं लढाया झाल्या, त्या गाव फौजांच्या वाटेवर होतं म्हणून. आज तेच गाव दुरुस्तीच्या यादीत आपला नंबर कधी लागतो ते बघत बसलंय.

आधी खाती. राज्यमार्ग नि प्रजिमा (प्रमुख जिल्हा मार्ग) बांधकाम खात्याकडे, इजिमा (इतर जिल्हा मार्ग) आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. ही उतरंड 1943 साली आपल्या नागपुरातच ठरली. पैशाचे डबेही वेगळे : दुरुस्ती ‘तीस-चोपन्न’ (3054) या लेखाशीर्षातून, नवं काम ‘पन्नास-चोपन्न’मधून (5054). नारळ फुटतो तो दुसऱ्याचा. खड्डे बुजवल्याचं भूमिपूजन झालेलं मी तरी पाहिलेलं नाही.

आता मार्क. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत रस्त्याला 5 ते 1 असे गुण देतात. त्याची एक रीत मला फार आवडते. गाडीत बसायचं, ड्रायव्हरला सांगायचं, ‘अंग न आदळता जेवढी चालेल तेवढी चालव’, आणि काट्याकडे बघायचं. ताशी 40 च्या वर गेली तर 5 गुण, 30 ते 40 ला 4, 20 ते 30 ला 3, 10 ते 20 ला 2. दहाच्या आत रांगली की 1. यंत्र नाही, तंत्र नाही. दूधवाल्याला हे मार्क तोंडपाठ असतात.

तुमचा ‘बरा’ रस्ता बहुधा तीन मार्कांचा. खेड्यातलं डांबर म्हणजे बहुतेक वेळा 20 मिलिमीटरचं कार्पेट, वर सीलकोट. कार्पेट मुळात सच्छिद्र, पाणी अडवतो तो सीलकोट. तो झिजला की पाणी खडीत उतरतं आणि तिथून काळ्या मातीत. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. वरची खडी मग जागेवर कशी राहील? तीन मार्कांवर असताना नुसता वरचा थर दिला तर भागतं. एकावर आल्यावर तळापासून उकरावं लागतं आणि खर्च कितीतरी पटींनी चढतो. म्हणून सगळा पैसा सर्वांत वाईट रस्त्यावर ओतला, तर तेवढ्यात बरे रस्ते वाईट होतात. इंजिनिअरचं हे म्हणणं मला पटतं.

पटत नाही ते पुढचं. यादी लावताना मार्कांबरोबर रहदारीही बघतात. पण रस्ता फुटला की माणूस दुसऱ्या वाटेनं जातो. एसटी बंद होते, कापसाचा ट्रक वळसा घेतो. मग मोजणाऱ्याला वाहनं दिसणार कुठून? रहदारी कमी म्हणून नंबर खाली, नंबर खाली म्हणून रस्ता आणखी फुटका, आणि फुटका म्हणून रहदारी आणखी कमी.

तेव्हा रोहिणखेडच्या वाचकांनी दोन गोष्टी कराव्यात. रस्ता ग्रामसडकचा असेल तर कडेचा फलक वाचा. काम संपल्याची तारीख आणि पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीची रक्कम वर्षवार लिहिलेली असते. पाच वर्षांच्या आत असाल तर तीस-चोपन्नची वाट बघायचं कारण नाही, खड्डे ठेकेदारानंच भरायचे. मुदत संपली असेल तर जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागात जाऊन रहदारीच्या मोजणीचा कागद मागा. वाहनं एकदा सुगीत आणि एकदा एरवी मोजावीत, असा दंडक आहे. सोयाबीन-कापूस निघायच्या दिवसांत मोजलं होतं का, ते बघा. नसेल तर तेवढ्याच मुद्द्यावर अर्ज करा, खड्ड्यांचे फोटो नंतर.

सिमेंटचं पुढच्या आठवड्यात. पत्रं आली नाहीत तर.