पाळण्यात बसायचं ठरलं, पण जेवायचं काय?

आज आम्ही सहलीच्या जेवणाबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, त्यात काय बोलायचं? चपात्या लाटल्या, बटाट्याची सुकी भाजी केली, लोणच्याची बरणी घेतली की झालं. आम्हालाही तसंच वाटायचं.

आमच्या गावातले तीन बचत गट मिळून वर्षाला एक सहल काढतात. एरवी देवदर्शन असतं. दोन वर्षांपूर्वी पोरांनी हट्ट धरला की देव पुरे, आम्हाला थीम पार्कला न्या. उंच पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, भुताचं घर, सगळं त्यांनी मोबाइलवर पाहिलेलं. वर्गणी ठरली, गाडी ठरली, आणि मग आमच्यातली एक ताई हळूच म्हणाली, "आमची दोन नावं काढा. पोरीच्या खाण्याचं अवघड आहे, सगळ्यांना त्रास कशाला?"

तिच्या नऊ वर्षांच्या मुलीला सिलिॲक नावाचा आजार आहे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक मळल्यावर जो चिकटपणा येतो, पोळी न फाटता लाटता येते, ती याच ग्लुटेनची करामत. सिलिॲक असलेल्या माणसाच्या पोटात ते गेलं की शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करतं. आतड्याला आतून बारीक मखमलीसारखी लव असते, तिच्यातून अन्नाचा कस रक्तात जातो. ती लव झडते. मग कितीही खाऊ घाला, अंगी लागत नाही. पोट फुगतं, जुलाब होतात, मूल वाढत नाही. मोठ्या बाईला कधी पोटाचा काहीच त्रास नसतो, फक्त लोहाच्या गोळ्या महिनोन्महिने घेऊनही रक्त वाढत नाही. आपल्यात अशी कोणी असेल तर डॉक्टरांना टीटीजी या रक्ततपासणीबद्दल जरूर विचारा. पण एक लक्षात ठेवा, तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नका. आधीच बंद केला तर तपासणीत आजार दिसत नाही. घरात एकाला हा आजार निघाला, तर आईवडील आणि भावंडांचीही तपासणी करून घ्यावी.

हा गव्हाचा दोष आहे हे कळायलाही जगाला वेळ लागला. हॉलंडमध्ये विलेम डिके नावाचे मुलांचे डॉक्टर होते. त्यांना गव्हाची शंका आधीपासून होती. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धामुळे तिथे दुष्काळासारखी वेळ आली, पाव मिळेनासा झाला. बाकी लोक भुकेने खंगत होते, आणि ही आजारी मुलं मात्र सुधारत होती. पुन्हा पाव मिळू लागला तशी ती परत आजारी पडली. पुढे १९५० साली डिके यांनी आपल्या प्रबंधात हे मांडलं. औषध अजूनही तेच आहे, जन्मभर ग्लुटेन बंद. "सणाचा दिवस आहे, घासभर शिरा खाल्ल्याने काय होतंय" असं म्हणणाऱ्या सासूबाई आपल्या सगळ्यांच्याच घरात असतात. त्यांना हे सांगावं लागतं की इथे घासभरसुद्धा चालत नाही.

तर आम्ही ताईला म्हटलं, नावं काढायची नाहीत, बघू कसं करायचं ते. आणि पहिल्या वर्षी आम्ही चुकलो. चुकलो ते असं. डबा नीट दिला होता, पण पार्कच्या दारात पिशव्या तपासल्या आणि बाहेरचं खाणं आत न्यायला मनाई म्हणून डबे बसमध्येच ठेवायला लावले. आम्ही गप्प बसलो. दुपारी सगळी पोरं स्टॉलवर. आम्ही विचार केला, बटाट्याच्या तळलेल्या काड्या, म्हणजे फ्रेंच फ्राइज, यात गहू कुठून येणार? बटाटा, मीठ, तेल. घेऊन दिल्या. पोरगी खूश. रात्री परतताना बसमध्येच तिच्या पोटात कळा सुरू झाल्या, आणि पुढचे तीन दिवस तिची शाळा बुडाली. नंतर ताईने सांगितलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. त्याच कढईत, त्याच तेलात समोसे तळले जात होते, ब्रेडचे पकोडे तळले जात होते. मैद्याचा चुरा तेलात तरंगत राहतो आणि बटाट्याला चिकटतो.

पदार्थात काय घातलंय एवढं विचारून भागत नाही. तो कशाला शिवलाय हेही विचारावं लागतं. आपल्या स्वयंपाकघरातलंच बघा ना. ज्वारीची भाकरी अगदी निर्धोक, पण ती चपातीच्या तव्यावर, पिठी भुरभुरलेल्या परातीत थापली तर? आणि त्याच्याही आधी, दळण कुठून आणलं? गिरणीत आपल्या पुढच्या बाईने गहू दळलेला असतो. जात्याच्या दगडात, वरच्या टोपात, खालच्या पिशवीत तिचं पीठ उरलेलं असतं आणि ते आपल्या ज्वारीत उतरतं. आपल्याला ते दिसतही नाही. ताईने आधी घरचं जुनं जातं धुऊन काढलं, पण रोज कोण दळणार? आता गटातल्या एकीच्या घरघंटीवर काम भागतं. तिने तिच्यात गहू दळणं बंदच केलंय, स्वतःचे गहू ती गिरणीत नेते. हे तिचं मोठं मन, दुसरं काय म्हणणार. ताई तिला दर महिन्याला विजेचे पैसे देते, ते ती घेते, तेही बरंच आहे. नाहीतर उपकाराचं ओझं होतं.

दुसरी छुपी जागा म्हणजे हिंग. दुकानात मिळणारा बांधानी हिंग शुद्ध नसतो, त्यात पीठ मिसळलेलं असतं, आणि ते पुष्कळदा गव्हाचं असतं. त्यामुळे पार्कमधलं सांबार, मसाला ताक, पापड, चाट मसाला, सगळं शंकेचं. इडली तांदळाची असली तर चालेल, रव्याची नको. डोशाचंही तसंच. भेळेतले मुरमुरे चालतील, पण पुऱ्या नाही. चायनीजच्या गाडीवरचा भातसुद्धा नको, कारण सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. आइस्क्रीम कपातलं घ्यावं, कोनातलं नाही, आणि कपातलं घेतानाही त्यात बिस्किटाचे तुकडे नाहीत ना ते बघावं. आपली कुरडई गव्हाच्या चिकाची, तीही नको. हे सगळं ऐकून घाबरू नका. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, साबुदाणा, मका, सगळ्या डाळी, दूध, अंडी, मासे, भाज्या, फळं हे सगळं मुळात ग्लुटेनशिवायचंच आहे. आपल्या आज्या जे रोज खायच्या त्यातलं बहुतेक.

उपवासाचे पदार्थ बघा. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, राजगिऱ्याचा लाडू. उपवासाचं वेगळ्या भांड्यात करतात, गव्हाला शिवू देत नाहीत. सिलिॲकच्या मुलीसाठी सोन्यासारखं. पण आमच्याच बसमध्ये दुसऱ्या गटातल्या वहिनींचा सहा वर्षांचा मुलगा होता आणि त्याला शेंगदाण्याची ॲलर्जी. खिचडी म्हणजे कूट आलंच. एकीला जे चालतं ते दुसऱ्याच्या जिवावर बेतणारं.

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे नीट समजून घ्या. सिलिॲकमध्ये नुकसान आतून, हळूहळू होतं. ॲलर्जीत काही मिनिटांत अंगावर गांधी उठतात, ओठ-जीभ सुजते, आवाज बसतो, छातीत सूं सूं वाजतं, उलट्या होतात, मूल गळून जातं. श्वास अडकायला लागला किंवा मूल मलूल झालं, तर ॲड्रेनलिनचं इंजेक्शन हाच पहिला उपाय. खाजेची गोळी देऊन वाट बघत बसायचं नाही. मुलाला आडवं करून पाय वर ठेवायचे, दम लागत असेल तर बसू द्यायचं, पण उभं करून चालवत न्यायचं नाही. १०८ ला फोन करायचा. आपोआप टोचणारी इंजेक्शनं आपल्याकडे सहजासहजी मिळत नाहीत, म्हणून अशा मुलाच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा की जवळ काय ठेवायचं आणि ते कोणी, कसं द्यायचं. आणि जे काही दिलं असेल ते पार्कच्या लॉकरमध्ये किंवा तापलेल्या बसमध्ये ठेवू नका. पाण्याच्या घसरगुंडीपाशी जी मावशी कपडे राखत बसते, तिच्या कमरेच्या पिशवीत ते हवं, सावलीत. पार्कमध्ये शिरल्या शिरल्या प्रथमोपचाराची खोली कुठे आहे, तिथे डॉक्टर आहे का, हे इंजेक्शन आहे का, ते बघून यायचं.

दुसऱ्या वर्षी आम्ही चार दिवस आधी फोन केला. तिकीट खिडकीवरच्या मुलाला यातलं काही माहीत नव्हतं, त्याचा काय दोष. आम्ही म्हटलं, "दादा, स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या साहेबांशी बोलायचंय." तीन फोन झाले, मग ते भेटले. डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर आजारी मुलाचा डबा आत नेता येईल, असं त्यांनी सांगितलं. सगळीकडे असंच असेल असं नाही, पण विचारल्याशिवाय कळत नाही. चिठ्ठीवर आजाराचं नाव, डॉक्टरांचा शिक्का आणि "घरचे अन्न सोबत नेणे आवश्यक" एवढं असलं की दारावरचा माणूस अडवत नाही. अमेरिकेत फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये ॲलर्जीवाल्यांसाठी वेगळं मेनूकार्ड मागता येतं. आपल्याकडे तेवढं नसलं तरी मोठ्या साखळी हॉटेलांना पदार्थातल्या ॲलर्जीच्या वस्तू सांगाव्या लागतात, तसा नियम आहे. मागायला लाजू नये.

डब्यात काय दिलं, ते सांगतो. तांदळाची उकड काढून केलेली भाकरी, कारण बाजरीची दुपारपर्यंत कडक होते. ज्वारीच्या पिठाच्या दुधात मळलेल्या दशम्या, प्रवासात टिकतात. हिंगाशिवाय फोडणी दिलेला सुका झुणका, त्याचं बेसनही घरघंटीवरचंच. उकडलेले बटाटे, केळी, राजगिऱ्याचे लाडू. शेंगदाण्याची चटणी आणि चिक्की मात्र कोणीच आणायची नाही, असं पूर्ण बसलाच सांगितलं. दोन-तीन जणी कुरकुरल्या, मग कारळ्याची चटणी झाली.

पाकिटातलं काही घ्यायचं असेल तर हिरव्या ठिपक्यावर जाऊ नका. तो फक्त शाकाहारी एवढंच सांगतो. घटकपदार्थांच्या यादीखाली 'कन्टेन्स' या शब्दापुढे गहू, दूध, अंडं, मासे, शेंगदाणे, सुकामेवा, सोयाबीन यांतलं जे असेल ते लिहावं लागतं. इंग्रजी वाचता येत नसेल तर आपल्या पोरांना वाचायला लावा. पाकिटावर 'ग्लुटेन फ्री' लिहायचं तर एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही.

आत गेल्यावर गर्दीच्या आधी, अकरा-साडेअकरालाच आम्ही स्वयंपाकघराशी गेलो. एक वाजता कोणाला बोलायला फुरसत नसते. आचारीभाऊंनी नीट ऐकून घेतलं, वेगळ्या पातेल्यातला वाफेचा भात आणि फोडणी घालायच्या आधी काढून ठेवलेलं साधं वरण स्वच्छ डावाने वाढलं. दुपारी मसाला न लावलेलं मक्याचं कणीस झालं. शेवपुरीच्या स्टॉलवर वहिनींनी विचारलं, "दादा, हिरव्या चटणीत काय काय आहे?" तो म्हणाला, कोथिंबीर, मिरची, पुदिना. वहिनी हलल्या नाहीत. "घट्ट कशाने केलीय?" तेव्हा तो म्हणाला, "थोडं दाण्याचं कूट." खोटं बोलायचं त्याच्या मनात नव्हतं. त्याला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं.

म्हणून "यात ग्लुटेन आहे का?" असं विचारू नका, समोरचा नाही म्हणून मोकळा होतो. गहू, मैदा, रवा, हिंग, सोया सॉस अशी नावं घेऊन विचारा. तेल कोणतं, कढई कोणती, तवा कोणता ते विचारा. आम्ही एका जाड पुठ्ठ्यावर मराठीत आणि हिंदीत हे लिहून घेतलं आणि मुलीच्या गळ्यात अडकवायच्या पाकिटात ठेवलं: "मला गहू, मैदा, रवा, जव चालत नाही. थोडासुद्धा नाही. समोसे-पकोड्याच्या तेलात तळलेलं चालत नाही. हिंग, सोया सॉस चालत नाही. भात, साधं वरण, फळं, दही चालतं. कृपया हात आणि डाव धुऊन वाढा."

पहिल्या दोन स्टॉलवर ते ताईने वाचून दाखवलं. तिसऱ्यावर मुलगीच पुढे झाली, पुठ्ठा वर धरला आणि म्हणाली, "काका, आधी हे वाचा, मग मी काय घ्यायचं ते सांगा."