वाळ्याचे दोन फवारे

मुलीच्या साखरपुड्याची तारीख ठरली आणि आमच्या घरात याद्या सुरू झाल्या. साड्या, मानपान, आचारी, हॉल... माझ्या यादीत मात्र एक ओळ अशी होती, जी मी कुणाला दाखवली नव्हती. ‘यांच्यासाठी सेंट.’

हसू नका मैत्रिणींनो, कारण तसंच होतं.

आमच्या यांचं गॅरेज आहे. ट्रॅक्टर, टेम्पो, जीप, तीस वर्षं हेच. मागे एका लग्नात पंगतीला बसलो होतो. शेजारच्या बाईंची चिमुरडी नाक मुरडून म्हणाली, “आई, इथे पेट्रोलपंपासारखा वास येतोय.” बाईंनी तिला दटावलं, विषय संपला. पण यांच्या मनातून तो गेला नाही. तेव्हापासून कुठल्याही कार्यात हे आपले मांडवाच्या टोकाला उभे. मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हाही दाराशीच. व्याही गळाभेटीला पुढे आले, तर यांनी लांबूनच हात जोडले. माझ्या पोटात कालवलं. मुलीचा बाप, आणि स्वतःच्याच घरात परक्यासारखा!

मग मी आमच्या बाजारातून सर्वांत झोकदार दिसणारी बाटली आणली. दुकानात कागदाच्या पट्टीवर वास घेतला, आवडला, घेतली. यांनी गॅरेजमधून आल्या आल्या अंगावर पाच-सहा फवारे मारले. लेक आतून ओरडली, “बाबा, तुमच्या आधी तुमचा वास आला!” डिझेल आणि वर तो गोडमिट्ट सेंट. माझं तर डोकंच उठलं.

तेव्हा पहिला धडा मिळाला. सुगंध वासावर पांघरूण घालत नाही, त्यात मिसळतो. आधी मूळ वास जायला हवा. आणि तिथेच घोडं पेंड खात होतं, कारण गॅरेजमध्ये ग्रीस काढायला हे हातच डिझेलने धुवायचे! आता खोबरेल तेल आणि चमचाभर साखर हातावर चोळायची, मग साबण. तेलाने ग्रीस सुटतं. कामाचे कपडेही वेगळे धुवायचे, वेगळे ठेवायचे.

“मला तर कसलाच वास येत नाही,” हे म्हणायचे. खरंच होतं ते. रोजच्या वासाला नाक सरावतं आणि तो जाणवेनासा होतो. सेंटचंही तसंच. लावणाऱ्याला वाटतं उडाला, म्हणून तो आणखी मारतो. त्रास शेजारच्याला.

पुढे पुण्याला बहिणीकडे गेले, तेव्हा एका मोठ्या दुकानात शिरले. काउंटरवरच्या मुलाने किंमत सांगायच्या आधी विचारलं, “काकू, कार्यक्रम दिवसाचा की रात्रीचा? हॉल एसी आहे का?” मला बरं वाटलं. त्याने सांगितलेलं सोपं करून सांगते.

बाटलीवर कोलोन लिहिलं असेल, तर त्यात सुगंधी अर्क सर्वांत कमी, साधारण २ ते ५ टक्के. ‘ओ द त्वालेत’मध्ये साधारण ५ ते १५, ‘ओ द पर्फ्यूम’मध्ये त्याहून जास्त. दिवसाच्या, गर्दीच्या कार्याला मधलं पुरे. कोलोन म्हणजे जर्मनीतल्या कोलोन शहराचं नाव. लहानपणी ताप आला की आई कपाळावर ज्याची पट्टी ठेवायची, तेच आपलं युडी कोलन!

दुसरं, सेंट तीन टप्प्यांत उलगडतो. पहिली दहा-पंधरा मिनिटं लिंबू-संत्र्यासारखा तजेला, मग फुलं किंवा मसाले, आणि तास-दोन तासांनी उरतं ते लाकूड, मुळं, चंदन. आपण दुकानात पहिल्या मिनिटाला भुलतो, पण कार्यात सोबत करतो तो शेवटचा टप्पा.

जुने, नावाजलेले पुरुषांचे सुगंध त्याने दाखवले. १९३८ मधलं ओल्ड स्पाइस मसालेदार, उबदार. दिओरचं १९६६ मधलं ओ सोव्हाज लिंबाचं, हलकं. मग गेर्लँचं व्हेटिव्हर पुढे करत म्हणाला, “हे एका गवताच्या मुळांचं असतं.” मी वास घेतला आणि थेट माहेरच्या माजघरात पोचले. अहो, हा तर वाळा! उन्हाळ्यात माठात टाकतो तो. उत्तरेकडे खस म्हणतात, आणि व्हेटिव्हर हा शब्दही मूळचा तमिळ. आपल्याच माठातला वास फ्रान्सची वारी करून काचेच्या बाटलीत बसला होता!

किंमत ऐकून मी बाटली हळूच खाली ठेवली. मुलगा समंजस. त्याच जातीच्या, आपल्याला परवडणाऱ्या दोन सुगंधांच्या इवल्याशा कुप्या त्याने नमुन्याला दिल्या. “काकांच्या हातावर लावून बघा, कागदावर नको. प्रत्येकाच्या अंगावर वास वेगळा येतो.”

तसंच केलं. यांच्या एका मनगटावर एक, दुसऱ्यावर दुसरा. चोळायचं नाही, नुसतं वाळू द्यायचं. संध्याकाळी वाळ्याचा हात मी नाकाशी धरला आणि म्हटलं, “हाच.” हे लाजले, चक्क!

साखरपुड्याच्या सकाळी आंघोळीनंतर अंग कोरडं झाल्यावर दोनच फवारे, छातीवर आणि मानेशी. रेशमी सदरा नंतर चढवला, कारण रेशमावर डाग पडतात. आणि हे सगळं समईपासून लांब, कारण सेंटमध्ये स्पिरिट असतं, ते पेटतं. घरात कुणाला दमा असेल, तर हा हट्टच नको.

हॉलमध्ये कुणाला काही कळलं नाही, आणि तेच हवं होतं. कार्याचा सुगंध जवळ येणाऱ्यालाच कळावा. व्याह्यांनी गळाभेट घेतली. या वेळी हे मागे सरले नाहीत. व्याही म्हणाले, “वाळा का हो? आमच्या आजोळी असायचा.” मग दोघं माठ, उन्हाळा आणि ट्रॅक्टरवर बोलत बसले ते थेट जेवणाची पानं वाढेपर्यंत.

फोटोत हे लेकीच्या अगदी शेजारी आहेत. नीट पाहिलं तर नखांच्या कडांना थोडं काळं दिसतं. ते मी घासायला लावलं नाही. त्या काळ्यावरच तर लेकीचं शिक्षण झालं.