किल्ली कुणाकडे आहे?

आज फौजेचा नाही, छोट्या रुग्णालयांचा विषय. श्वास थांबलेलं मूल तिथे क्वचितच येतं, म्हणून हातांना सवय राहत नाही. मोठ्यांचं हृदय बहुधा हृदयाच्याच दुखण्याने बंद पडतं, मुलांचं बहुतेक वेळा श्वास अडल्यामुळे. तेव्हा अंबू बॅगने हवा लगेच द्यायला हवी, आणि त्यासाठी लहान मास्क हवा. औषधही वजनावर ठरतं. हृदय बंद पडलं की ॲड्रेनलिनची 1 मिलिग्रॅमची ॲम्प्यूल 10 मिलिलिटरपर्यंत पातळ करतात. 10 किलोच्या मुलाला शिरेतून त्यातलं फक्त 1 मिलिलिटर. घाईत हे गणित चुकतं, म्हणून भिंतीवर तक्ता लागतो.

एका तालुक्याच्या रुग्णालयात मी बाहुलीवरची तालीम पाहिली. डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय, सगळे आपल्याच खोलीत, आपल्याच ट्रॉलीसह. लहान मास्क कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली रजेवर गेलेल्या सिस्टरकडे! 4 मिनिटं गेली. कुणी कुणावर ओरडलं नाही. मी असतो तर नक्की ओरडलो असतो. ते तिथेच बसून बोलले, काय अडलं ते लिहून काढलं.

पुढच्या महिन्यात तालीम न सांगता, रात्रपाळीत झाली. मास्क ट्रॉलीच्या वरच्या कप्प्यात होता. 40 सेकंदांत हवा सुरू.