पाण्याची पाळी आणि पोरांची पाळी



या सदरात आम्ही एरवी बेणेप्रक्रिया, नांग्या, खोडव्यातील पाचट असे विषय घेतो. या अंकात विषय जरा घरचा आहे. शेतकी खात्याच्या माणसाने पोराबाळांवर काय लिहायचे, असे कुणी म्हणेलही. पण गेल्या हंगामात आमच्याच घरात जे घडले ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. ते पुष्कळ घरांना लागू पडेल असे आम्हांस वाटते.

आम्हांला तीन मुले. थोरला ११ वर्षांचा, मधली मुलगी ८ वर्षांची आणि धाकटा ४ वर्षांचा. हंगाम सुरू झाला की आमची काय अवस्था होते ते आपण जाणताच. पहाटे गट ऑफिस, मग फडावर, संध्याकाळी तोडणीचा प्रोग्रॅम, आणि मधे मधे फोन : "साहेब, आमची तोड कधी येणार?" घरी पोचावे तो पोरे झोपलेली. कधी रविवारी सापडलो तर तिघे एकदम अंगावर. थोरल्याच्या सायकलची चेन पडलेली, धाकट्याला खांद्यावर बसायचे, आणि मधली आपली दाराला टेकून उभी. आम्ही आल्यागेल्याला कौतुकाने सांगायचो, "आमची मधली फार शहाणी. तिचा काही त्रासच नाही."

एका रविवारी थोरला मामाकडे गेलेला, धाकट्याला ताप आलेला. आम्हांला एक प्रात्यक्षिक प्लॉट बघायला जायचे होते. सौ. म्हणाल्या, "हिला तरी घेऊन जा, मला तेवढीच मोकळीक." तेव्हा मधलीला मोटारसायकलवर मागे बसवून निघालो. बांधावर उतरल्यावर सहज म्हटले, "बाळा, त्या बोर्डावर काय लिहिलंय वाच बघू."

"कुठला बोर्ड, पप्पा?"

बोर्ड वीस पावलांवर होता, अक्षरे चांगली वीतभर. आधी वाटले, पोर चेष्टा करते. जवळ नेले तेव्हा तिने घडाघडा वाचले, "को ८६०३२, सरी ५ फूट." आमच्या पोटात धस्स झाले. विचारले, "शाळेत फळा दिसतो का गं?"

"नाही. मी शेजारणीच्या वहीत बघून लिहिते."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

ती म्हणाली, "सांगणार होते. पण तुम्ही कुणाशी तरी बोलतच असता."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तालुक्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. दोन्ही डोळ्यांना दोन नंबरचा चष्मा निघाला. डॉक्टरांनी सांगितले की लांबचे कमी दिसणारे मूल बहुधा तक्रार करीतच नाही, कारण सगळ्यांनाच असे दिसते अशी त्याची समजूत असते. चष्मा लावून बाहेर आल्यावर पोर समोरच्या लिंबाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पप्पा, पानं सुटी सुटी दिसतात की!"

बांधावरून चालता चालता सरीत कुठे नांगी पडली ते आम्हांस दिसते, आणि घरातल्या पोरीला फळा दिसत नाही हे चार महिने दिसले नाही! त्या रात्री झोप आली नाही.

मंडळी, आपण आपल्या सभासदांना काय सांगतो? नांग्या लागणीनंतर महिनाभरात भरा. उशिरा लावलेले रोप शेजारच्या उसाच्या सावलीत दबते, मग कितीही खत घाला. सुरू उसाला नत्र एकदम देऊ नका, १०, ४०, १० आणि ४० टक्के असे चार हप्त्यांत विभागून द्या. घरात मात्र आपण वर्षभर काही देत नाही, आणि दिवाळीला तिघांना मिळून खेळण्यांचा ढीग ओततो. ते मुळाला लागत नाही.

तेव्हापासून आम्ही घरात पाळी लावली. पाण्याची पाळी असते तशी. आठवड्यातून एकेका पोराला अर्धा तास, त्या वेळी दुसरे कुणी नाही. फार काही करायचे नसते. डेअरीला दूध घालायला, पिठाच्या गिरणीवर, मोटर चालू करायला जाताना एकाला सोबत न्यायचे, एवढेच. मोबाईल पिशवीत ठेवायचा. मार्कांची चौकशी नाही, उपदेश नाही. पोर बोलले तर ऐकायचे, गप्प राहिले तर आपणही गप्प राहायचे.

थोरला तीन पाळ्या नुसता "हूं, हूं" करीत होता. चौथ्या पाळीला मोटरच्या पेटीजवळ हळूच म्हणाला, "रात्री परड्यात एकटा जायला मला भीती वाटते. बारक्यापुढं सांगू नका." आता आमच्यापैकी कुणीतरी उठतो. धाकट्याला काही सांगायचे नसते. तो वाटेतले दगड दाखवतो. तेही बघावे लागतात.

वेळ नाही, असे आपण म्हणाल. आम्हीही म्हणत होतो. परंतु या हंगामात एका फडावर आम्ही बघितले. बीडकडून आलेली एक बाई दिवसभर मोळ्या बांधून, डोक्यावरून वाहून, गाडी भरून झाल्यावर जुवाजवळ बसली होती. बैल वाढे खात होते, आणि ती लेकीची वेणी घालत होती. लेक काहीतरी सांगत होती, आई "मग?" "मग?" म्हणत होती. गाडी निघेपर्यंत दहा मिनिटे असतील. त्या माउलीपेक्षा आपण जास्त कामात आहोत काय?

एकत्र कुटुंबात पोरे घोळक्याने वाढतात, ते चांगलेच आहे. पण घोळक्यात मोठा आवाज ऐकू येतो, बारीक आवाज येत नाही. जे पोर त्रास देत नाही, त्याची पाळी आधी लावा, एवढे आमचे ऐका.

आमच्या घरी कारखान्याच्या कॅलेंडरवर आता तिघांची पहिली अक्षरे लिहिलेली असतात. हंगामात पाळ्या चुकतात, खोटे कशाला बोलावे? मग मधली चष्मा नीट करीत आम्हांस बोट लावून दाखवते, "पप्पा, ही माझी राहिली." रात्रपाळीच्या लाईटीसाठी आपण थंडीत उठतोच, तर ही बाकीही वेळेवर फेडावी, इतके सांगून रजा घेतो. पुढील अंकी खोडव्याच्या पाण्याविषयी लिहू.